गारीवर्डला जायचंय? मग बुंजिलपासून सुरुवात करा

मेलबर्नमधल्या मराठी घरात पाहुणे आले की फिरवायच्या जागा ठरलेल्या असतात, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि मग तिसरं नाव निघतं ते ग्रॅम्पियन्सचं. तीन तासांची ड्राइव्ह, डोंगर, धबधबा, कांगारू, भरपूर फोटो, रविवारी रात्री परत. मीही पहिल्या खेपेला असंच केलं आणि घरी आल्यावर कुणीतरी विचारलं की चित्रं बघितलीत का, म्हटलं कसली चित्रं, तेव्हा कळलं की ज्या डोंगरात आम्ही दोन दिवस फिरलो त्याच डोंगराच्या कपारींमध्ये तिथल्या मूळ लोकांनी कातळावर काढलेली चित्रं आहेत आणि त्यातल्या एका जागेच्या बोर्डवरून आम्ही गाडी न थांबवता पुढे गेलो होतो. त्याची हळहळ इतकी लागली की त्यानंतर चार वेळा जाऊन आले, प्रत्येक वेळी वेगळ्या महिन्यात, वेगळ्या माणसांबरोबर. आता ओळखीत कुणी जायचं म्हणलं की मी एवढंच सांगते, पिनॅकलचं टोक आणि धबधबा बघाच पण ट्रिप आखायची ती चित्रांभोवती, बाकी सगळं आपोआप वाटेत येतं. तसं आखायचं कसं ते इथं लिहितेय.

आधी नाव. या डोंगररांगेचं जुनं नाव गारीवर्ड. १८३६ साली मेजर थॉमस मिचेल नावाचा सर्व्हेअर इथून गेला आणि त्यानं स्कॉटलंडमधल्या डोंगरांवरून ग्रॅम्पियन्स असं नाव ठेवलं, तेच नकाशावर राहिलं. पण त्याआधी निदान २० हजार वर्षं इथं माणसं राहत होती, जार्डवाजाली आणि जाप वुरुंग हे इथले मुख्य लोक, आणि त्यांचे वंशज आजही याच भागात आहेत. ते म्हणतात ही जमीन त्यांची कंट्री आहे. हा शब्द आपण 'देश' म्हणून वाचतो पण त्यांच्या बोलण्यात कंट्री म्हणजे जमीन, पाणी, झाडं, प्राणी, पूर्वज आणि त्या सगळ्यांची जबाबदारी, सगळं एकत्र. गाईडबरोबर फिरताना हा शब्द दहा वेळा कानावर येईल म्हणून आधीच सांगितलं.

बोलण्याबद्दल अजून एक. आपण मराठीत पटकन 'आदिवासी' म्हणून मोकळे होतो, घरात ठीक आहे, पण तिथं बोलताना ॲबोरिजिनल लोक किंवा फर्स्ट नेशन्स म्हणा, आणि शक्य असेल तर त्यांच्या समूहाचं नाव घ्या, जाप वुरुंग, जार्डवाजाली. 'ॲबोरिजिनी' हा शब्द टाळा, जुन्या पुस्तकांत दिसतो पण लोकांना लागतो. आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना आदरानं अंकल आणि आंटी म्हणतात, नावाआधी लावून, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, माझ्या आईला तर ते ऐकून इतकं बरं वाटलं की ती लगेच तिथल्या एका आजींशी गप्पा मारायला लागली, तोडक्या इंग्रजीत.

कधी जायचं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आपण चार ऋतू धरून विचारतो, पण गारीवर्डमध्ये वर्षाचे सहा ऋतू मानतात आणि माझ्या अनुभवात ट्रिप ठरवायला तेच जास्त उपयोगी पडतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत कूयांग, म्हणजे ईल माशांचा काळ, कोरडा आणि कडक. मग मेपर्यंत ग्वांगाल मोरोन, मधमाश्यांचा, हवा निवळलेली, सकाळी धुकं, चालायला उत्तम. जून-जुलैत चिनप, काकाकुव्यांचा, थंडी आणि पाऊस. त्यानंतर ऑगस्टपर्यंत लार्नेउक, पक्षी घरटी बांधतात, ओढे भरून वाहतात. ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेट्यान, रानफुलांचा. आणि पुढे जानेवारीपर्यंत बालाम्बार, फुलपाखरांचा.

मला विचाराल तर पेट्यान, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. या डोंगरांत नऊशेहून जास्त जातींची स्थानिक झाडं-झुडपं आहेत आणि त्या दोन महिन्यांत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काय काय फुललेलं असतं, गुडघ्याएवढ्या झुडपांवर पांढरी गुलाबी बारकी फुलं, मधेच जमिनीलगत करंगळीच्या नखाएवढं ऑर्किड, जे बघायला अक्षरशः मांडी घालून बसावं लागतं. धबधब्यालाही पाणी असतं. फक्त तेव्हा शाळांची सुट्टी आली की गर्दी होते. आणि ईस्टरला जायचं असेल तर बुकिंग फार आधी करा, कारण त्याच वीकेंडला जवळच्या स्टॉवेल गावात स्टॉवेल गिफ्ट नावाची धावण्याची शर्यत असते, १८७८ पासून चालत आलेली, त्यामुळे आसपासची खोल्या-केबिन सगळी भरलेली असतात.

उन्हाळ्याबद्दल मात्र गंभीरपणे लिहिते. डिसेंबर २०२४ मध्ये वीज पडून इथं आग लागली आणि ७० हजार हेक्टरहून जास्त भाग जळला, आणि जानेवारीच्या शेवटी पश्चिमेकडच्या रांगेत पुन्हा मोठी आग लागली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये पायथ्याच्या पोमोनल गावातली घरं जळाली होती. २००६ आणि २०१४ च्या मोठ्या आगी तर तिथले लोक अजून काल झाल्यासारख्या सांगतात. म्हणून डिसेंबर ते मार्च जायचं असेल तर फोनवर आगीचे इशारे देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप टाका, राहत्या जागेभोवती वॉच झोन लावा, म्हणजे तिथले इशारे येतील, आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्या दिवसाचं फायर डेंजर रेटिंग बघा. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या आहेत. कॅटस्ट्रॉफिकला पार्क बंदच असतं, आणि एक्स्ट्रीमला मी स्वतः बॅगा भरून खाली गावाकडे निघेन, खोलीचे पैसे गेले तर गेले. टोटल फायर बॅनच्या दिवशी उघड्यावर शेकोटी वगैरे काही पेटवायचं नाही, दंडाची रक्कम सोडा, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि आगीनंतर काही ट्रेल, काही चित्रांच्या जागा बरेच महिने बंद ठेवतात, तर निघायच्या आदल्या दिवशी पार्क्स व्हिक्टोरियाच्या साइटवर काय उघडं आहे ते बघूनच निघा. पार्कला एन्ट्री फी नाही, कॅम्पिंगची जागा मात्र आधी ऑनलाइन बुक करावी लागते.

आता रस्ता. मेलबर्नहून वेस्टर्न हायवे धरायचा, बॅलरॅट, मग अरारट, साधारण अडीचशे किलोमीटर. गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे आपल्याला हात बसायला वेळ लागत नाही. गाडी नसेल तर सदर्न क्रॉस स्टेशनवरून व्ही-लाइनची ट्रेन आणि पुढे बस असं करून हॉल्स गॅप या डोंगरातल्या गावाला पोचता येतं, पण तिथं गेल्यावर चित्रांच्या जागांपर्यंत बस नाही, म्हणून चारजण मिळून गाडी भाड्यानं घेणं बरं. गाडी घेताना एक गोष्ट विचाराच, कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स चालतो का. उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे काही रस्ते कच्चे आहेत आणि पुष्कळ भाड्याच्या गाड्यांच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर काही झालं तर तुमची जबाबदारी. आमच्या एका खेपेला हे आम्ही काउंटरवर विचारलं नाही, मग पूर्ण ट्रिपभर खडीचा रस्ता आला की सगळ्यांचे जीव मुठीत. सामान बॅलरॅट किंवा अरारटला भरून घ्या, हॉल्स गॅपमध्ये छोटं दुकान आहे पण शाकाहारी घर असेल तर स्वतःचं रेशन जवळ असलेलं बरं. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी छोटं किचन असतं, कुकर नेला की खिचडीचं काम होतं.

बहुतेक लोक अरारटवरून सरळ हॉल्स गॅपला जातात. तुम्ही तसं करू नका, स्टॉवेलपर्यंत या आणि तिथून दक्षिणेला ११-१२ किलोमीटरवर बुंजिल शेल्टर आहे तिथं आधी जा. ही जागा मुख्य डोंगररांगेच्या बाहेर, ब्लॅक रेंज नावाच्या ठेंगण्या टेकड्यांमध्ये आहे. पार्किंगपासून काही मिनिटांची चाल. मोठमोठे गोल दगड, आणि त्यातल्या एका दगडाच्या पोटात आत वळलेली कपार, पुढे लोखंडी जाळी. आत बघायला डोळ्यांना जरा वेळ लागतो. मग दिसतो बुंजिल, बसलेला, आणि शेजारी दोन कुत्रे, त्याचे दोन डिंगो. बुंजिल म्हणजे सगळं घडवणारा, जमीन, झाडं, माणसं आणि वागायचे नियमसुद्धा त्यानं दिले असं या लोकांचं म्हणणं, आणि तो गरुडाच्या रूपातही असतो, पाचरीसारखी शेपटी असलेला तो मोठा गरुड जो तिथल्या आकाशात खरोखरच घिरट्या घालताना दिसतो. बुंजिलचं माहीत असलेलं कातळचित्र हे एवढं एकच. आपण नव्या गावी गेलो की आधी ग्रामदैवताला जाऊन येतो ना, मला ते तसं वाटतं, म्हणून मी प्रत्येक वेळी इथूनच सुरुवात करते.

जाळीबद्दल पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा होते, फोटो नीट येत नाही म्हणून. पण जाळी का आली ते समजून घ्या, लोकांनी चित्रांवर नावं कोरली, रंग फासले, कुणी फोटोत उठून दिसावं म्हणून पाणी ओतायचे. हाताच्या तेलानं आणि मिठानं रंग जातो, जोरात पाय आपटून धूळ उडवली तरी ती चित्रावर बसते. व्हिक्टोरियात २००६ चा ॲबोरिजिनल हेरिटेज ॲक्ट आहे आणि अशा जागेला इजा करणं गुन्हा आहे. फोटो काढायचा तर मोबाइलची लेन्स जाळीच्या चौकोनातून नेमकी धरा, फ्लॅश बंद. ड्रोन तर नॅशनल पार्कमध्ये आणूच नका, परवानगी नाही. कुत्राही नेता येत नाही. आणि दगड, पिसं, हाडं, जमिनीवर दिसलेला टोकदार दगडाचा तुकडा, काही म्हणजे काही खिशात घालायचं नाही, तो तुकडा कदाचित कुणीतरी घडवलेलं हत्यार असतं.

तिथून पुढे हॉल्स गॅप. याचं जुनं नाव बुजा बुजा. दोन डोंगरांच्या मधे वसलेलं गाव, संध्याकाळी मैदानावर कांगारू चरायला येतात, शंभर पावलांवरून बघा, खायला घालू नका, ब्रेडनं त्यांच्या जबड्याला रोग होतो. गावाजवळच ब्रामबुक आहे, पाच कोरी समूहांनी मिळून उभारलेलं कल्चरल सेंटर, कोरी म्हणजे या भागातले ॲबोरिजिनल लोक स्वतःला म्हणतात ते. १९९० ची इमारत, आर्किटेक्ट ग्रेग बर्जेस, छत लांबून बघितलं की पंख पसरलेल्या काकाकुव्यासारखं दिसतं. त्याच आवारात पार्कचं माहिती केंद्र आहे, तिथं जाऊन नकाशा घ्या आणि सरळ विचारा की आज कुठल्या शेल्टरला जाता येईल, ॲबोरिजिनल गाईडबरोबरची टूर कुठली चालू आहे. टूरचे पैसे वाचवू नका. स्वतः गेलं तर पाच मिनिटांत चित्र बघून होतं, त्या माणसाबरोबर गेलं तर एक तास पुरत नाही, तो एखादं गवत तोडून दाखवतो की याची टोपली कशी विणायची, ग्रास ट्रीच्या दांड्यानं आग कशी पाडायची, आणि काही गोष्टींना तो "ही मी सांगायची नाही" असं म्हणतो. तिथं थांबायचं. पुन्हा खोदून विचारायचं नाही. आपल्याकडेही काही गोष्टी घरातल्यांनाच सांगतात.

ब्रामबुक हे नाव ज्यांच्यावरून आलं त्या दोन ब्राम भावांची गोष्ट इथं सांगते कारण पुढे लागणार आहे. चिंगाल नावाची राक्षसी इमू होती, अंड्यावर बसलेली. वा नावाचा कावळा आला आणि त्यानं अंड्याला चोच मारली. चिंगाल भडकली आणि त्याच्या मागे धावली, कावळा गारीवर्डच्या डोंगरात शिरला, तर तिनं डोंगरालाच लाथ मारली आणि डोंगर दुभंगला, ती खिंड म्हणजे बारिगार, नकाशावर रोझेस गॅप. कावळा निसटला, तिनं पुन्हा लाथ मारली, दुसरी खिंड झाली, ती व्हिक्टोरिया गॅप. शेवटी ब्राम भावांनी भाले मारून तिला संपवलं. ही गोष्ट ऐकून मग रीड लुकआऊटवर उभं राहा आणि डोंगराच्या ओळी बघा. जिथं ओळ तुटलीय तिथं बोट जातंच.

भूगोलाच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा वालुकाश्म आहे, ४० कोटी वर्षांच्या आसपासचा, जमिनीचे थर पश्चिमेकडे कललेले, त्यामुळे पूर्वेकडे सरळ तुटलेले कडे आणि पश्चिमेकडे हळूहळू उतरत जाणारा उतार. सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, आपला कडा पश्चिमेला. याचा फिरताना फायदा असा की पहाटेचं ऊन कड्यांवर थेट पडतं आणि दगड नारिंगी होतो, म्हणून बोरोका लुकआऊटला पहाटे जा. गाडीपासून दोन मिनिटं, सासऱ्यांचे गुडघे दुखतात तरी ते आरामात आले, खाली हॉल्स गॅप आणि लेक बेलफील्ड, थर्मासमधला चहा, अर्धा तास कुणी बोललं नाही. रीड लुकआऊट संध्याकाळी, तिथूनच बाल्कनीजपर्यंत साधारण किलोमीटरभर सपाट चाल आहे.

पिनॅकलला वंडरलँड कारपार्कवरून जा, ग्रँड कॅन्यन नावाची दगडी घळ आणि पुढे सायलेंट स्ट्रीट नावाची इतकी अरुंद फट की पाठीवरची सॅक दोन्हीकडे घासते. जाऊन येऊन चारेक किलोमीटर पण चढ आहे, बूट चांगले हवेत. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर संडायल कारपार्कची वाट सोपी. टोकाला कठडा आहे, कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी जाणारे लोक दिसतील, आपण जायचं नाही.

मॅकेंझी फॉल्सला खाली उतरायला अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, वर येताना दम लागतो. खालच्या डोहात पोहायला मनाई आहे. हे मी दोनदा लिहिलं असतं. वरून पाणी शांत दिसतं, दगड शेवाळलेले असतात, पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं आणि खोली एकदम पडते, इथं माणसं बुडाली आहेत. पाण्यात पाय घालायलाही मुलांना सोडू नका.

दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी उत्तरेला चला. हॉल्स गॅपपासून तासभर. इथं दोन शेल्टर आहेत आणि पूर्ण ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता दिवस हाच. पहिलं गुलगर्न मान्जा, हॉलो माउंटनजवळ, पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं चाल, शेवटी थोडं दगडावरून चढायचं. पूर्वी याला फ्लॅट रॉक म्हणायचे, आता मूळ भाषेतलं नाव लावलंय आणि त्याचा अर्थ लहानग्यांचे हात. कपारीच्या भिंतीवर गेरूनं काढलेल्या आडव्या-उभ्या रेघा आहेत, इमूच्या पावलांच्या खुणा आहेत, आणि हाताचे ठसे आहेत. बरेचसे ठसे ८ ते १२ वर्षांच्या मुलांचे. गेरू आपल्या अंगणातलाच वाटतो, तोच तांबूस रंग, आपण तुळशीवृंदावनाला लावतो तसा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं जाळीपासून हात लांब ठेवून एक डोळा मिटला आणि आपला पंजा हवेत त्या ठशावर बरोबर जुळवला, मग म्हणाली, "आई, हिची करंगळी माझ्यापेक्षा लहान आहे." तिनं 'हिची' कशावरून म्हटलं मला माहीत नाही. आम्ही तिथं बराच वेळ बसलो, समोर विमेराचं सपाट मैदान, गव्हाची पिवळी शेतं क्षितिजापर्यंत, आणि बोर्डवर लिहिलंय की इथल्या बारीक दाण्याच्या कातळातूनच हत्यारांसाठी दगड काढायचे. म्हणजे ही घराची ओसरी आणि कामाची जागा, दोन्ही. मोठी माणसं दगड फोडतायत आणि पोरं भिंतीवर हात उमटवतायत, असं आपोआप डोळ्यांसमोर येतं.

दुसरं न्गामाजिज, स्टेपिल्टन कॅम्पग्राउंडपासून काही मिनिटांवर. इथं गेरू नाही, पांढऱ्या मातीनं काढलेल्या आकृत्या आहेत, सोळा, बऱ्याचशा माणसांसारख्या, ओळीनं. जुन्या नकाशांत याला भुतांची गुहा असं नाव होतं. न्गामाजिज हा शब्द पुढे गोऱ्या लोकांसाठीही वापरला गेला, कारण पहिल्यांदा ते दिसले तेव्हा परत आलेले मेलेले लोक वाटले. हे वाचून मग गोऱ्यांच्या मेंढ्या आल्यावर या लोकांचं पुढे काय झालं ते विचारल्याशिवाय राहवत नाही, जमिनी गेल्या, रोगराई आली, हत्या झाल्या, उरलेल्यांना मिशनवर, म्हणजे पाद्र्यांच्या वसाहतींत, नेऊन ठेवलं. मुलांना घेऊन जाताना हा भाग गाळू नका, झेपेल तेवढा सांगा. २००५ मध्ये याच उत्तरेकडच्या भागातल्या वोटजोबालुक, जार्डवाजाली आणि त्यांच्या शेजारच्या लोकांना कोर्टानं नेटिव्ह टायटल दिलं, म्हणजे जमिनीवरचा परंपरागत हक्क मान्य केला, व्हिक्टोरियातलं पहिलं, तेही सांगा.

पश्चिमेला बिलिमिना आणि मान्जा ही अजून दोन शेल्टर आहेत. बिलिमिनाला बुआंडिक कॅम्पग्राउंडकडून चढून जायचं, आत भिंतभर गेरूच्या छोट्या उभ्या रेघांच्या ओळी, काहीतरी मोजून ठेवल्यासारख्या. मान्जाला पुन्हा हात. रस्ते कच्चे, वर्दळ कमी, आणि २०२५ च्या सुरुवातीच्या आगीचा फटका याच बाजूला बसला, त्यामुळे विचारूनच जा. दोन दिवसांची ट्रिप असेल तर ही बाजू सोडा, उत्तर सोडू नका.

रॉक क्लाइंबिंग करणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी, इथले बरेच कडे चित्रांमुळे आणि जुन्या खाणींमुळे क्लाइंबिंगला बंद केलेत, २०२१ चा ग्रेटर गारीवर्डचा आराखडा आहे त्यात कुठं चालतं कुठं नाही ते दिलंय. जुनी गाईडबुकं आणि मित्रांचे जुने व्हिडिओ धरून जाऊ नका. आणि ज्यांच्या पायात दम आहे त्यांच्यासाठी ग्रॅम्पियन्स पीक्स ट्रेल, १६० किलोमीटर, उत्तरेच्या माउंट झीरोपासून दक्षिणेच्या डंकेल्डपर्यंत, पूर्ण केला तर १३ दिवस. मी त्यातला एकच दिवस चालले आहे त्यामुळे जास्त सांगत नाही.

बारीकसारीक गोष्टी. डोंगरात फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, ऑफलाइन नकाशा आधी उतरवा, इमर्जन्सी नंबर ०००. माणशी दोन लिटर पाणी. उन्हाळ्यात साप असतात, ब्राउन आणि टायगर दोन्ही विषारी, वाटेवर पाय आपटत चाला आणि लांब पँट घाला. थंडीत रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, आपल्या आईवडिलांना घेऊन जाताना लोक हे विसरतात, स्वेटर नाही तर नीट जॅकेट हवं. संध्याकाळनंतर गाडी हळू, कांगारू आणि इमू रस्त्यात उडी मारतात, साठच्या वर मी तरी जात नाही. अचानक समोर आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवू नका, झाडावर गाडी जाते.

अजून एक दिवस हातात असेल तर दक्षिणेला दीड-दोन तासांवर बज बिम आहे, गुंडिचमारा लोकांची जागा. लाव्हाच्या दगडांतून पाणी वळवून, बंधारे आणि कालवे बांधून ते ईल मासे वाढवायचे, सगळ्यात जुने भाग ६,६०० वर्षांचे, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. कूयांगमध्ये गेलात तर हे जोडून करा, ऋतूचं नावच तिथं कळतं.

आणि एक रात्र तरी स्टेपिल्टनच्या कॅम्पग्राउंडला तंबूत काढा, अमावास्येच्या आसपासची बघून. जेवणं लवकर उरका, मग सगळ्यांचे मोबाइल आणि टॉर्च बंद करून वीस मिनिटं नुसते बसा, डोळे तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. दक्षिणेकडे सदर्न क्रॉस शोधा, चार ठळक ताऱ्यांचा पतंग. त्याच्या एका अंगाला आकाशगंगेत एक काळा डाग दिसतो, तिथं तारे नाहीतच असं वाटतं, ती चिंगाल. क्रॉसच्या वरच्या टोकाच्या ताऱ्यात बुन्या नावाचा पोसम झाडावर चढून बसलाय, तिच्या भीतीनं. आणि क्रॉसकडे बोट दाखवणारे शेजारचे दोन लखलखीत तारे दिसले की मुलांना सांगा, ते ब्राम भाऊ.